डिस्टिलरीतली नोकरी

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी नेमणुकीचे पत्र आले. पत्र म्हणजे कागद नव्हे, पुतणीच्या मोबाइलवरच आले. थोरल्या भावाची ही मुलगी. भाऊ-वहिनी हुक्केरी तालुक्यात गावी शेती करतात आणि पोर अकरावीपासून शिक्षणासाठी आमच्याकडे बेळगावात. पुढे ती धारवाडहून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाली. सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, तिथल्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती. पगार माझ्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट. खरे तर घरात पेढे यायचे. पण आतून आईचा आवाज आला, "साखर कारखान्यात जा म्हणावं, शाळेत जा म्हणावं, कुठंही जा. डिस्टिलरीत नाही."

विषय तिथेच संपला. निदान आईपुरता तरी. आमच्या घरात आईच्या 'नाही'चे 'होय' व्हायला एक तर फार दिवस लागतात, नाही तर ते होतच नाही.

वाचकहो, या नकारामागे एक माणूस आहे. माझा धाकटा मामा. तोही एका कारखान्याच्या डिस्टिलरीत टाक्यांवर कामाला होता. शनिवारी आमच्याकडे यायचा तेव्हा दार उघडण्याआधी वास यायचा, आंबलेल्या मळीचा. आधी तो वास कपड्यांना यायचा, मग तोंडाला यायला लागला. अडतिसाव्या वर्षी मामा गेला. मी तेव्हा अकरावीत होतो. मामी दोन पोरांना घेऊन माहेरी गेली. आई त्यावर एकच वाक्य बोलते, "तो कारखान्यात गेला आणि कारखाना त्याच्यात आला." तीस वर्षांत या वाक्यात तिने काही बदल केलेला नाही.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मद्य, मदिरा, वारुणी, आसव असे दारूचे दहा समानार्थी शब्द मी फळ्यावर लिहून देईन. पण ती तयार कशी होते, डिस्टिलरीत नेमके काय चालते, आणि आज तिथून निघणारे इथेनॉल आपल्या स्कूटरच्या टाकीत कसे येते, हे मला नीट ठाऊक नव्हते. आई आणि नात यांच्यामध्ये मध्यस्थी करायची तर आधी समजून घेणे भाग होते. एका रविवारी दुपारी मी पुतणीला म्हटले, "मला पहिलीतला मुलगा समज आणि सांग." स्वयंपाकघरात आम्ही दोघे बसलो होतो. आई पलीकडे श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगत होती. ऐकत नाही असे दाखवत होती.

पुतणीने सुरुवात दह्यापासूनच केली. "काका, दूध विरजलं की जिवाणू साखर खातात आणि आम्ल करतात. दारूतही तसंच. साखर खायची आणि अल्कोहोल करायचं. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या डिस्टिलऱ्यांत हे काम यीस्ट करतं. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीतला जीव. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी ते एका जिवाणूकडून करून घेतलं. झायमोमोनास मोबिलिस त्याचं नाव."

हे नाव मी दोनदा म्हणून पाहिले. या जिवाणूची कथा मोठी मजेशीर आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये बार्कर आणि हिलियर यांनी सफरचंदाचा आंबवलेला रस का नासतो याचा शोध घेताना अशाच एका जिवाणूचे वर्णन केले होते. म्हणजे सुरुवातीला तो गुन्हेगार म्हणूनच सापडला. पुढे १९२० च्या दशकात पॉल लिंडनर नावाचे जर्मन शास्त्रज्ञ मेक्सिकोला गेले. तिथे घायपाताच्या जातीच्या झाडाचा गोड रस आंबवून 'पुल्के' नावाचे पेय करतात. त्यात त्यांना हाच जिवाणू मिळाला. आफ्रिकेत ताडाच्या आंबलेल्या रसातही तो सापडतो. शेकडो वर्षे माणसे त्याच्याकडून काम करून घेत होती, नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हते.

यीस्ट आणि या जिवाणूत फरक काय? पुतणीने हिशेब मांडला तो मला फार आवडला. ग्लुकोज नावाच्या साखरेच्या एका कणापासून यीस्ट स्वतःसाठी ऊर्जेचे दोन घास काढून घेते. झायमोमोनास एकाच घासावर भागवतो, कारण साखर फोडण्याची त्याची वाट वेगळी आहे. एकच घास मिळाल्यावर अंग वाढवायला फार काही उरत नाही. म्हणून साखरेतला फार थोडा भाग त्याच्या शरीरात जातो आणि बाकीची जवळजवळ सगळी अल्कोहोल होऊन बाहेर पडते. रसायनशास्त्राच्या नियमाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते, उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. या कमाल मर्यादेच्या ९७ टक्क्यांपर्यंत हा जिवाणू जाऊ शकतो. यीस्ट साधारण ९० च्या पुढे-मागे राहते. शिवाय त्याचा वेगही जास्त. थोडे खाणारा, भरभर काम करणारा गडी!

"मग सगळे कारखाने यालाच का कामाला लावत नाहीत?" मी विचारले.

"कारण सांगते, पण आधी याची खरी अडचण ऐका. यीस्टचीही तीच. जे तो तयार करतो, त्यानंच तो मरतो."

खुंटीपाशी आईचा हात थांबलेला मला दिसला.

अल्कोहोल म्हणजे या जिवांची विष्ठाच म्हणायची. टाकीत ते साठत गेले की त्यांच्या शरीराचे आवरण सैल पडते, आतले क्षार बाहेर झिरपतात, खाणे मंदावते. आठ-दहा टक्क्यांच्या आसपास काम रेंगाळायला लागते. जिवाणू कितीही चांगला निवडला तरी बारा-पंधरा टक्क्यांच्या पुढे तो फारसा जात नाही. टाकीत साखर शिल्लक असते, खाणारेही असतात, पण स्वतःच केलेल्या विषात ते बसलेले असतात. म्हणून डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर पाणी बाळगावे लागते. ते सगळे पाणी तापवायचे, त्यातून अल्कोहोल उडवून घ्यायचे आणि मागे उरलेले तपकिरी, दुर्गंधीचे पाणी कुठेतरी न्यायचे. त्यालाच 'स्पेंटवॉश' म्हणतात.

हा शब्द मात्र मला नवा नव्हता. भावाच्या शेतालगत एक ओढा आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तो चहासारखा लाल वाहिला आणि मासे उलटे होऊन वर आले. गावात चार दिवस चर्चा झाली, अर्ज झाले, आणि पाऊस वाढला तसा ओढा आपोआप निवळला. स्पेंटवॉशमध्ये सेंद्रिय द्रव्य इतके असते की ते पाण्यातला प्राणवायू संपवून टाकते. आता हे पाणी कारखान्याच्या आवाराबाहेर सोडायचेच नाही, असा नियम आहे. ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यापासून गॅस करतात, किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करतात. पण आटवायलाही वाफच लागते. म्हणजे आधी पाण्यासकट तापवा, आणि मग उरलेले पाणी पुन्हा तापवा!

"तेव्हा काका, दारू करणं अवघड नाही," पुतणी म्हणाली, "ती पाण्यापासून वेगळी करणं अवघड आहे. माझा प्रकल्प त्या वेगळं करण्यावरच होता."

इथे पडद्याची गोष्ट सुरू होते. मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा. त्याचा इतिहासही गंमतीचा आहे. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने एक भांडे मद्यार्काने भरले, तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचा पडदा ताणून बांधला आणि ते पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पडदा फुगून वर आला. बाहेरचे पाणी आत शिरत होते, पण आतले मद्यार्क तितके बाहेर येत नव्हते. पडदा दोघांना सारखी वागणूक देत नव्हता. पुढे १९१७ साली कोबर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या मदतनिसाच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. कोलोडियनच्या पातळ पापुद्र्याची पिशवी द्रवाने भरून, तोंड घट्ट बांधून हवेत टांगली होती. बांधलेल्या पिशवीतला द्रव तरीही कमी होत होता. तो पापुद्र्यातून झिरपत होता आणि बाहेर येताच वाफ होऊन उडत होता. झिरपणे आणि बाष्पीभवन या दोन शब्दांची सांगड घालून कोबरने त्या क्रियेला 'परव्हॅपोरेशन' असे नाव दिले.

हे ऐकून आई पहिल्यांदा मध्ये बोलली. "त्यात नवल काय? आपला माठ काय करतो?"

खरेच की! माठही बंदच असतो. पाणी मातीतून झिरपते, बाहेर येऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पुतणीने आजीला शंभरपैकी शंभर गुण दिले आणि एक बारीकसा फरक सांगितला. माठाला आणि श्रीखंडाच्या फडक्याला भोके असतात. जे मावेल ते जाईल. तिच्या प्रयोगातला पडदा सिलिकॉन रबराचा होता आणि त्याला तशी भोकेच नव्हती. त्याच्यात जे विरघळेल ते पलीकडे जाणार. अल्कोहोलचा कण पाण्याच्या कणापेक्षा मोठा असतो, तरी सिलिकॉनशी त्याचे जुळते आणि पाण्याचे जुळत नाही. म्हणून मोठा कण पुढे जातो आणि लहान मागे राहतो. दारात उभा असलेला ओळखीचा दरवान जसा अंगकाठी बघत नाही, ओळख बघतो, तसे.

प्रयोगाची मांडणी अशी होती. एका भांड्यात साखरपाण्यात जिवाणू वाढत ठेवायचे. तो द्रव नळीने फिरवत सिलिकॉनच्या पडद्याच्या एका अंगाला न्यायचा आणि परत भांड्यात आणायचा. पडद्याच्या दुसऱ्या अंगाला पंपाने हवा काढून निर्वात करायचे. अल्कोहोल पडद्यातून वाफ होऊन पलीकडे येते. ती वाफ थंड करून बाटलीत धरायची. भांड्यात ५ टक्के अल्कोहोल असेल तर बाटलीत ३० टक्क्यांच्या आसपास मिळते. भट्टी नाही, उकळणे नाही. आणि मुख्य म्हणजे भांड्यातले विष साठायच्या आतच निघून जात राहते. जिवाणू जिवंत राहतो, नवी साखर टाकत राहायची, तो खात राहतो. साखर दाट घालता येते, त्यामुळे पाणी कमी लागते. पाणी कमी म्हणजे स्पेंटवॉशही कमी.

"तिसऱ्या दिवशी पडदा न लावलेल्या भांड्यातले जवळजवळ निपचित झाले होते," ती म्हणाली, "आणि पडद्याच्या भांड्यातले अजून बुडबुडे काढत होते."

पडद्याचे दुसरे काम शेवटच्या टप्प्याला आहे. आपल्याकडे पहिल्या धारेची, दुसऱ्या धारेची असे बोलतात. गोव्यात काजूच्या रसाची आधी उर्राक आणि ती पुन्हा भट्टीला लावून फेणी. जितक्या वेळा गाळाल तितकी ती कडक होत जाते. पण किती? ही वाढ कायम चालत नाही. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल झाले की गाडी अडते. त्या टप्प्यावर द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. मग हजार वेळा उकळले तरी राहिलेले साडेचार टक्के पाणी सुटत नाही. प्यायला हे चालते, पेट्रोलमध्ये चालत नाही. पेट्रोल आणि पाणी यांचे हाडवैर. टाकीत पाणी वाढले की अल्कोहोल पेट्रोलची संगत सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. त्यासाठी ९९ टक्क्यांच्या वरचे, जवळजवळ कोरडे इथेनॉल लागते.

पूर्वी हे शेवटचे पाणी काढायला बेंझिन घालत. ते आरोग्याला घातक. आज आपल्याकडच्या बहुतेक डिस्टिलऱ्या 'मॉलिक्युलर सीव्ह' वापरतात, म्हणजे पाण्याचे कण धरून ठेवणारे झिओलाइट खनिजाचे खडे. तिसरा मार्ग पुन्हा पडद्याचा, पण या वेळी उलट स्वभावाच्या. हा पडदा पाण्याला वाट देतो आणि अल्कोहोलला अडवतो. १९८८ साली फ्रान्समधल्या बेथेनीव्हिल या गावी बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यात दिवसाला सुमारे दीड लाख लिटर अल्कोहोल अशा पडद्याने कोरडे करणारा प्रकल्प सुरू झाला. हे वाचताना मला आपल्या उसाच्या पट्ट्याची आठवण झाली. तिकडचा शेतकरी बीट पिकवतो, आपला ऊस, पण कारखान्याच्या मागच्या अंगाला अडचण एकच.

आणि आपला या सगळ्याशी संबंध जुनाच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रायोगिक प्रकल्प २००१ साली ज्या ठिकाणी झाला त्यात आपल्या शेजारचे मिरज होते. मनमाड आणि उत्तर प्रदेशातले बरेली ही बाकीची ठिकाणे. २००३ साली नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाची योजना आली, पण पुढे कित्येक वर्षे ती रखडली. मग वेग आला. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले आणि २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. मधल्या काळात डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखर पुरेल की नाही अशी भीती वाटली आणि सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, पुढे ते उठवले. एका टनाच्या मोळीचे गणित असे आहे : साखर काढून उरलेल्या मळीपासून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते, आणि साखर न करता थेट रस आंबवला तर सुमारे सत्तर. पण तो रस ज्या उसाचा, त्याला पाणी किती लागते हे कृष्णा-घटप्रभेच्या काठच्या माणसाला सांगायला नको.

इथेच झायमोमोनासकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले गेले. रस नको, चिपाड आणि पाचटच इथेनॉल करायला वापरले तर? त्यातही साखर असते, पण ती दोन प्रकारची. त्यातली झायलोज नावाची साखर साध्या यीस्टला पचत नाही. या जिवाणूलाही मुळात पचत नव्हती. १९९५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्यात बाहेरची जनुके घालून त्याला ती खायला शिकवले. त्याआधी फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोनी इन्ग्रॅम यांनी उलट वाट धरली होती. झायमोमोनासची अल्कोहोल करणारी दोन जनुके त्यांनी दुसऱ्या एका जिवाणूत घातली. त्या कामाला १९९१ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि त्या पेटंटचा क्रमांक होता बरोबर ५० लाख!

एवढे ऐकून मला वाटले, झाले, आता सगळे प्रश्न सुटले. पण पोरगी खरे बोलणारी. तिने लगेच दुसरी बाजू सांगितली. ड्यूपॉन्ट या बड्या कंपनीने २०१५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मक्याच्या धाटांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना काढला. क्षमता वर्षाला सुमारे ११ कोटी लिटर आणि कामाला जनुके बदललेला झायमोमोनास. दोनच वर्षांत, २०१७ मध्ये, कंपनीने त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. प्रयोगशाळेतल्या यशाला गावाकडची धाटे गोळा करणे, ती साठवणे, माती-खडे, तेलाचे भाव हे सगळे भेटले की हिशेब बदलतो.

मळीच्या बाबतीत तर या जिवाणूचे नखरे जास्तच. मळीत क्षार खूप असतात, ते त्याला सोसत नाहीत. उसाच्या साखरेतून तो अल्कोहोलबरोबर लेव्हान नावाचा चिकट पदार्थही करतो, त्यामुळे मिळकत घटते. यीस्ट आंबट द्रावात राहते, तिथे बाकीचे जंतू सहज येत नाहीत. याला तेवढा आंबटपणा मानवत नाही, त्यामुळे पाहुण्या जंतूंची भीती. पडद्याचेही तसेच. मळीच्या गाळाने तो बुजतो, त्याआधी द्रव गाळून घ्यावा लागतो, आणि चौरस मीटरच्या हिशेबाने त्याची किंमत ऐकून कारखान्याचे संचालक मंडळ पान खायला उठते. म्हणून आज मोठ्या टाक्यांत यीस्ट आहे. पडदे अजून शेवटच्या टप्प्यावर, काही थोड्या ठिकाणी. जिवाणू आणि पडदा यांची जोडी बहुतेक ठिकाणी प्रयोगाच्या बाकावरच आहे.

"मग तुला तिथं जाऊन करायचंय काय?" मी विचारले.

"रोज मळीची साखर तपासायची, यीस्टचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, टाकीत जंतू शिरले का ते पाहायचं. आणि मुलाखतीत मी विचारलं होतं, प्रयोगशाळेत एक फळी मला माझ्या कामाला द्याल का? ते साहेब म्हणाले, फळी घ्या, खर्च मागू नका."

मी हसलो. आई हसली नाही. फडक्यातून थेंब थेंब पाणी भांड्यात पडत होते. ती पाटावर येऊन बसली आणि नातीला थेट विचारले, "ही पेट्रोलात घालायची, ती पिता येते का?"

"नाही आजी. कारखान्यातून बाहेर पडायच्या आतच तिच्यात पिता येणार नाही असं द्रव्य मिसळतात. कायदाच आहे तसा."

"आणि प्यायची? तीही तिथंच होते ना?"

खरे सांगतो, त्या क्षणी मला वाटले की पोरीने काहीतरी गुळमुळीत उत्तर द्यावे. मी प्राध्यापक असून तेच केले असते. ती म्हणाली, "होय आजी. त्याच टाकीतली. थोडी इकडं जाते, थोडी तिकडं. वरचे लोक भाव बघून ठरवतात. ते माझ्या हातात नसणार."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई म्हणाली, "तुझ्या काकाच्या मामाला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, मळीचाच वास आहे, दारूचा नाही. आम्हीही तसंच मानत आलो." आणि उठून ती चक्का बघायला गेली. बस्स, एवढेच. होय नाही, नाही नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीस वर्षे आम्ही मामाबद्दल बोलताना त्याच्या संगतीला दोष दिला, कारखान्याला दोष दिला, नशिबाला दिला. टाकीत जे साठत होते ते वेळेवर काढायला कोणी हात पुढे केला का? शनिवारी तो यायचा, वास यायचा, आई पाणी तापवायची, मामा आंघोळ करून जेवायचा आणि आम्ही सगळे उगाच इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचो. मीही त्यात होतो. मुकाट्याने ताटावर बसायचो. आई त्या दिवशी चक्क्याशी का थांबली, ते मला तेव्हा समजले.

चार दिवसांनी आईने आपला निर्णय सांगितला. अट एकच. तिथले कपडे तिथेच बदलून यायचे. तो वास घरात आणायचा नाही. पुतणीने मान डोलावली. गणपती झाल्यावर ती रुजू झाली. कारखान्याच्या वसाहतीत राहते, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येते.

पहिल्याच शनिवारी एस.टी. चुकायला नको म्हणून ती कामावरून तशीच निघाली. अट विसरली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. फाटक वाजण्याआधी वास आला. तीस वर्षांनंतर, तोच. मी आत पाहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात चौकटीला. तिचा चेहरा मी फार वेळ पाहू शकलो नाही. पोरीच्याही ध्यानात आले. ती पायरीवरच थांबली. "आजी, मी विसरले. मी बाहेरच..."

आई काही न बोलता आत गेली. बंबात पाणी घातल्याचा आवाज आला. मग ती टॉवेल घेऊन बाहेर आली आणि नातीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मुद्दाम, तोंडाशी. पोरीला कळले ते काय आहे. ती हलली नाही. आजीने श्वास घेतला, खात्री करून घेतली आणि टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला.

"कपडे आहेत फक्त," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

आता दर शनिवारी ती हे करते. लपवत नाही, लाजतही नाही. पोरगीही न सांगता पायरीवर थांबते. मामाच्या वेळी हे करायचे आम्हाला सुचले नव्हते, की धीर झाला नव्हता, कोण जाणे. मागच्या आठवड्यात जेवताना आईने विचारले, "त्या फळीवरच्या जंतूचं काय झालं गं?"

"मळीत दोनदा मेला आजी. आता क्षार कमी करून बघतेय."

"बघ की," आई म्हणाली आणि तिच्या पानात श्रीखंड वाढले.